पेन्शन आणि महागाई : वाढीचा हिशेब नीट समजून घ्या

दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्याला महागाई म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. तेलाचा डबा महागला, सुताचा भाव चढला, चामड्याचा दर वाढला, की आज ना उद्या आपणही विक्रीचा भाव वाढवतो. कारागीरही मजुरी वाढवून मागतो. थोडी घासाघीस होते, पण मार्ग निघतो. ज्या दिवशी हात थांबतो आणि गल्ला मुलाच्या ताब्यात जातो, त्या दिवसापासून मात्र परिस्थिती बदलते. म्हाताऱ्या माणसाला भाव ठरवता येत नाही, फक्त मोजता येतो. त्याच्या हाती दरमहा येणारी रक्कम वाढणारी असेल तर तो तग धरतो. ती जागच्या जागी थांबलेली असेल तर दरवर्षी त्याचे ताट थोडे रिकामे होत जाते.

पेन्शनचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, "किती मिळते?" आमच्या मते त्याच्याही आधी विचारण्याचा प्रश्न आहे, "वाढते का? वाढत असेल तर कोणत्या हिशेबाने?" या लेखात आम्ही हाच हिशेब मांडत आहोत.

एका गल्लीतील दोन निवृत्त

समजा, एकाच गल्लीत दोन वृद्ध शेजारी राहतात. एक रेल्वेतून निवृत्त झालेले, दुसरे सूतगिरणीतून. दोघांचे वय सारखे, बाजार एकच, डॉक्टरही एकच.

सातव्या वेतन आयोगानंतर, म्हणजे १ जानेवारी २०१६ रोजी, रेल्वेवाल्यांची मूळ पेन्शन १२,००० रुपये ठरली असे धरू. त्या दिवशी महागाईची वाढ शून्य होती. पुढे ती दर सहा महिन्यांनी चढत गेली आणि १ जुलै २०२५ पासून ५८ टक्के झाली. १२,००० चे ५८ टक्के म्हणजे ६,९६० रुपये. मूळ पेन्शन तीच, पण हातात १८,९६० रुपये.

सूतगिरणीवाले नोव्हेंबर १९९५ मध्ये सुरू झालेल्या कर्मचारी पेन्शन योजनेचे, म्हणजे ईपीएस-९५ चे सभासद. या योजनेचे सूत्र असे की पेन्शनपात्र पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि ७० ने भागायचे. पेन्शनपात्र पगार ६,५०० रुपये आणि सेवा १५ वर्षे धरली तर ९७,५०० भागिले ७०, म्हणजे १,३९३ रुपये. निवृत्तीच्या वेळी ठरलेला हा आकडा २०१६ साली तोच होता आणि २०२५ सालीही तोच राहिला. रेल्वेवाल्यांच्या हिशेबाने वाढ मिळाली असती, तर १,३९३ चे २,२०१ झाले असते. उलट बाजूने पाहिले, तर २०२५ मधील त्यांच्या १,३९३ रुपयांत २०१६ सालच्या सुमारे ८८० रुपयांचाच माल येतो.

म्हणजे पगारातील आणि सेवेतील फरक बाजूला ठेवला, तरी एक फरक उरतोच. एकाच्या पेन्शनला बाजारभावाची साखळी जोडलेली आहे, दुसऱ्याच्या पेन्शनला नाही.

वाढ ठरते कशी?

नोकरीत असताना या वाढीला महागाई भत्ता म्हणतात. निवृत्तीनंतर कागदोपत्री तिचे नाव महागाई सवलत होते. लोक दोहोंना महागाई भत्ताच म्हणतात. हा आकडा मंत्र्यांच्या मनावर नसतो, त्यामागे ठरलेले गणित आहे.

केंद्र सरकारचा लेबर ब्यूरो देशातील ८८ औद्योगिक केंद्रांतील ३१७ बाजारांतून भाव गोळा करतो. आपल्याकडील मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर ही त्यांपैकी काही केंद्रे. धान्य, डाळ, भाजी, कपडा, घरभाडे, इंधन, औषध, शिक्षण, प्रवास, अशा कामगाराच्या घरखर्चातील वस्तू आणि सेवांचे भाव घेऊन दरमहा एक निर्देशांक काढला जातो. त्याला औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक म्हणतात. सध्याच्या मालिकेत २०१६ सालचे भाव १०० धरले आहेत. त्याआधीच्या मालिकेत २००१ सालचे भाव १०० होते. जुन्या आकड्याशी मेळ घालण्यासाठी नव्या निर्देशांकाला २.८८ ने गुणतात.

मग बारा महिन्यांची सरासरी काढतात. २०१५ सालची सरासरी २६१.४२ होती. सातव्या वेतन आयोगाने तीच पायरी धरली. नवी सरासरी या पायरीपेक्षा जितके टक्के वर, तितकी वाढ. अपूर्णांक सोडून देतात. जूनअखेरच्या सरासरीवर १ जुलैची वाढ आणि डिसेंबरअखेरच्या सरासरीवर १ जानेवारीची वाढ ठरते. घोषणा काही महिन्यांनी होते आणि मधल्या महिन्यांची थकबाकी नंतर मिळते. नवा वेतन आयोग लागू झाला की साठलेली वाढ मूळ रकमेत मिसळते आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते.

याखेरीज केंद्राच्या पेन्शनरला वयाच्या ८० व्या वर्षापासून मूळ पेन्शनवर २० टक्के जादा मिळतात. ८५ ला ३० टक्के, असे वाढत वाढत वयाची शंभरी गाठणाऱ्याची मूळ पेन्शन दुप्पट होते. म्हातारपण जसे वाढते तसा औषधपाण्याचा खर्च वाढतो, हे निदान इथे तरी मान्य केलेले आहे.

ही वाढही पुरी पडते असे नाही

रेल्वेवाल्यांचे सर्व आलबेल आहे, असा कोणी समज करून घेऊ नये. त्यांच्या वाढीलाही तीन मर्यादा आहेत.

पहिली अशी की वाढ महागाईच्या मागून चालत येते. भाव आज चढतात, ते बारा महिन्यांच्या सरासरीत हळूहळू मुरतात, मग घोषणा होते. तोपर्यंत घरखर्च उसनवारीवर किंवा मुलांच्या खिशावर चालतो.

दुसरी अशी की निर्देशांकाची टोपली कामगार कुटुंबाची आहे, सत्तर वर्षांच्या वृद्धाची नव्हे. २०१६ च्या मालिकेत खाण्यापिण्याचा वाटा ३९ टक्क्यांच्या आसपास आहे. कामगाराच्या घरात शाळेची फी असते, वृद्धाच्या घरात रक्तदाबाची आणि साखरेची गोळी असते. ज्याच्या घरखर्चात दवाखान्याचा हिस्सा मोठा, त्याची खरी महागाई सरकारी आकड्यापेक्षा वेगळी निघते.

तिसरी मर्यादा टक्केवारीची. ३ टक्के वाढ जाहीर झाली, तर ९,००० च्या किमान पेन्शनवाल्याला २७० रुपये मिळतात आणि ६०,००० वाल्याला १,८००. चहापत्तीचा भाव मात्र दोघांना एकच असतो.

शिवाय सरकार ही वाढ रोखूही शकते. कोरोनाच्या काळात जानेवारी २०२०, जुलै २०२० आणि जानेवारी २०२१ असे तीन हप्ते गोठवले गेले. दर १७ टक्क्यांवर थांबला आणि १ जुलै २०२१ पासून एकदम २८ टक्के झाला. मधल्या अठरा महिन्यांची थकबाकी मिळाली नाही. १२,००० च्या पेन्शनवर हा तोटा सुमारे १५,८०० रुपयांचा होतो. नियमाने मिळणारी वाढसुद्धा पूर्ण निर्धोक नाही, ती अशी.

न वाढणारी पेन्शन

ईपीएस-९५ चे पेन्शनर देशात ७५ लाखांहून अधिक आहेत. त्यांत गिरणी कामगार आहेत, साखर कारखान्यांचे आणि सहकारी संस्थांचे नोकर आहेत, विडी कामगार आहेत. सोलापूर, सिन्नर, कामठी या भागांत विडीचे काम पिढ्यान्पिढ्या चालत आले आहे. ज्या बायांनी आयुष्यभर सूप मांडीवर घेऊन विड्या वळल्या, त्यांचा पगारच इतका तुटपुंजा की सूत्राने निघणारी पेन्शन काही शे रुपयांवर येई. म्हणून १ सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन १,००० रुपये करण्यात आली. त्यासाठी सरकार आपल्या तिजोरीतून भर घालते. पाऊल चांगले होते. पण त्या १,००० ला महागाईची साखळी जोडली गेली नाही. २०१४ सालचे १,००० हे २०२५ सालीही १,०००च राहिले.

किमान पेन्शन ७,५०० रुपये करा आणि तिला महागाई भत्ता जोडा, अशी या पेन्शनरांची मागणी आहे. त्यासाठी आपल्या बुलढाण्यात डिसेंबर २०१८ मध्ये साखळी उपोषण सुरू झाले. ज्यांचे वय नातवंडांना खेळवण्याचे, ते मंडपात बसले.

यावर सरकारचे उत्तरही ऐकून घेतले पाहिजे, कारण व्यापारी माणसाने दोन्ही बाजूंची वही पाहावी. ईपीएसच्या खात्यात मालकाच्या वर्गणीतून पगाराच्या ८.३३ टक्के जमा होतात आणि सरकारचे १.१६ टक्के. दोन्ही मिळून साडेनऊ टक्क्यांच्या आत. पगाराची मर्यादाही १५,००० रुपयांची. एवढ्या वर्गणीत वाढती पेन्शन बसत नाही, फंडातच तूट आहे, असे सरकार सांगते. हिशेबाच्या दृष्टीने हे खोटे नाही. १ एप्रिल २०२५ पासून केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी एकीकृत पेन्शन योजना आणली, तिच्यात महागाईची वाढ आहे. पण तिथे कर्मचारी १० टक्के भरतो आणि सरकार १८.५ टक्के. वाढत्या पेन्शनची खरी किंमत काय, हे या दोन आकड्यांच्या तुलनेत दिसते. प्रश्न एवढाच की ती किंमत कोणी मोजायची? विडी वळणाऱ्या बाईने दरवर्षी आपले ताट कमी करून, की समाजाने वाटून घेऊन?

सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकारा खटल्यात स्पष्ट केले की पेन्शन ही मालकाची खैरात नसून केलेल्या सेवेचा मोबदला आहे. तो दिवस पेन्शनर दिन म्हणून पाळला जातो. तो निकाल सरकारी पेन्शनरांच्या बाबतीत होता. पण त्यातील तत्त्व कष्टकऱ्याला समजायला अवघड नाही. मोबदला म्हटला की त्याची किंमत टिकली पाहिजे.

मर्जीवरची वाढ

या दोहोंच्या मध्ये तिसरा प्रकार आहे. रक्कम वाढते, पण केव्हा आणि किती, याला नियम नाही. आपल्या राज्यातील संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनांची रक्कम जुलै २०२३ मध्ये १,००० वरून १,५०० रुपये झाली. एकदम दीडपट वाढ, त्यामुळे वृद्धांना दिलासा मिळाला. परंतु पुढची वाढ केव्हा, हे कोणालाच सांगता येत नाही. वृद्धापकाळ पेन्शनमधील केंद्राचा वाटा पाहा. १९९५ साली ही योजना सुरू झाली तेव्हा तो ७५ रुपये होता, पुढे २०० झाला आणि ६० ते ७९ वयाच्या वृद्धांसाठी पंधराहून अधिक वर्षे २०० वरच थांबला. मर्जीवर चालणारी वाढ निवडणुकीच्या आधी येते, उन्हाळ्यात डाळ महागली म्हणून येत नाही.

हा अनुभव फक्त आपल्याच देशाचा नाही. अमेरिकेत सामाजिक सुरक्षेची पहिली मासिक पेन्शन जानेवारी १९४० मध्ये इडा मे फुलर या बाईंना मिळाली, २२ डॉलर ५४ सेंट. त्यानंतर दहा वर्षे, मधल्या महायुद्धाच्या महागाईतही, रक्कम तेवढीच राहिली. १९५० साली कायदा बदलला तेव्हा ती ४१ डॉलर ३० सेंट झाली. पुढेही वाढ हवी असली की प्रत्येक वेळी संसदेची वाट पाहावी लागे. अखेर १९७२ च्या कायद्याने वाढ निर्देशांकाला जोडली आणि १९७५ पासून ती आपोआप होऊ लागली. त्याच वर्षाच्या जानेवारीत, वयाची शंभरी गाठून फुलरबाई वारल्या. श्रीमंत देशालाही हे शहाणपण यायला पस्तीस वर्षे लागली.

आपल्या गल्ल्याचा प्रश्न

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. आपले वाचक बहुतेक स्वतःच्या धंद्यातले. दुकानदार, मागवाले, शिवणकाम, सुतारकाम, जरीकाम, गॅरेज करणारे. त्यांना ना रेल्वेची पेन्शन, ना ईपीएस. आपल्याकडे महागाई भत्ता देतो तो मुलगा. जो देतो त्याचे भले होवो. पण मुलाच्या धंद्यात मंदी आली तर म्हातारा औषधाची चिठ्ठी खिशातच ठेवतो, घरात सांगत नाही, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

अशा लोकांसाठी सरकारने योजना काढल्या. २०१५ साली अटल पेन्शन योजना आली. साठीनंतर दरमहा १,००० ते ५,००० रुपयांची हमी. आयकर भरणाऱ्यांना १ ऑक्टोबर २०२२ पासून तिच्यात नव्याने जाता येत नाही. २०१९ साली असंघटित कामगारांसाठी आणि लहान व्यापाऱ्यांसाठी मानधन योजना आल्या, त्यांत साठीनंतर ३,००० रुपयांची हमी. या योजना वाईट नाहीत. पण तिन्हींत हमी दिलेला आकडा ठरीव आहे. महागाईची साखळी एकीलाही नाही.

हिशेब करून पाहू. ३० वर्षांचा कारागीर अटल पेन्शनमध्ये दरमहा ५७७ रुपये भरून ५,००० ची पेन्शन ठरवतो. ती त्याला ३० वर्षांनी सुरू होणार. भाव दरसाल फक्त ५ टक्के वाढले असे धरले, तरी तेव्हाच्या ५,००० रुपयांत आजच्या सुमारे १,१५० रुपयांचाच माल येईल. २०१९ साली वयाच्या २९ व्या वर्षी मानधन योजनेत नाव नोंदवलेल्याला २०५० साली ३,००० मिळू लागतील. याच दराने त्यांची २०१९ मधील किंमत सुमारे ६६० रुपये होते. आणि साठीनंतरही झीज थांबत नाही, रक्कम तेथून पुढेही तीच राहते.

तोंडी हिशेबाची सोपी रीत अशी. ७२ ला महागाईच्या दराने भागा. जितकी वर्षे येतील, तितक्या वर्षांत भाव दुप्पट होतात. ६ टक्के धरले तर १२ वर्षे. म्हणजे साठाव्या वर्षी ३,००० मिळू लागले, तर बहात्तराव्या वर्षी त्यांची ताकद १,५०० ची आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षी ७५० ची. पेन्शनचा कागद पुढे आला की ही रीत लावून पाहा.

मग करावे काय?

एक, ठरीव रकमेच्या योजनेत जरूर जा, पण तिला पाया समजा, घर नव्हे. अटल पेन्शनमध्ये वर्षातून एकदा पेन्शनची पायरी वाढवून घेता येते. धंदा बरा चालला की ती वाढवा. नोंदणीपूर्वी अटी बँकेत किंवा सेवा केंद्रात नीट विचारून घ्या. व्याजासंबंधी ज्यांच्या मनात प्रश्न असेल त्यांनी तो आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारावा. आम्ही येथे फक्त आकडे मांडत आहोत.

दोन, बाजारभावाबरोबर चढणारे उत्पन्न म्हातारपणासाठी राखून ठेवा. गाळ्याचे किंवा खोलीचे भाडे हे त्याचे ओळखीचे उदाहरण. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूचे भाडेसुद्धा दरसाल ४ टक्के वाढवण्याचा हक्क मालकाला दिला आहे. लीव्ह अँड लायसन्सचा करार करताना दरवर्षीची वाढ कागदावर लिहून घ्या आणि करार नोंदवा. तोंडी बोलण्यावर म्हातारपण सोपवू नका.

तीन, धंदा मुलांच्या हाती देताना स्वतःचा मासिक हिस्सा ठरवा आणि तो रुपयांत न ठरवता विक्रीच्या किंवा नफ्याच्या ठरावीक भागात ठरवा. भाव वाढले की विक्रीचा आकडा वाढतो आणि त्याबरोबर वडिलांचा हिस्साही वाढतो. हा घरचाच महागाई भत्ता. तो लिहून ठेवला तर भावाभावांत पुढे वाद होत नाही आणि वडिलांना दरमहा हात पसरावा लागत नाही.

चार, जे स्वतः मालक आहेत त्यांच्यासाठी. तुमच्या कारखान्यात वीस किंवा अधिक माणसे असतील तर त्यांचा भविष्य निर्वाह निधी वेळेवर भरा आणि पगार खरा दाखवा. कागदावर पगार कमी दाखवून आज काही रुपये वाचतात, पण त्याच आकड्याला सेवेच्या वर्षांनी गुणून त्या माणसाची पेन्शन ठरते. आधीच न वाढणारी पेन्शन, तीही आपण कापून दिल्यासारखे होते.

पाच, ज्यांच्या घरात ईपीएसची पेन्शन येते त्यांनी दरवर्षी हयातीचा दाखला वेळेवर द्यावा आणि पेन्शनर वारल्यास विधवेच्या पेन्शनचा अर्ज करावा. रक्कम लहान म्हणून कागद मागे पडतात आणि मिळणारे तेही थांबते.

मुलाच्या हाती गल्ल्याची किल्ली देताना आपण स्टॉक मोजून देतो, उधारीची वही दाखवतो, कोणाकडून किती येणे आहे ते सांगतो. त्याच बैठकीत वहीचे आणखी एक पान उघडा. त्यावर वडिलांचा हिस्सा लिहा आणि त्याखाली लिहा की भाव वाढतील तसा तोही वाढेल.